दुपारची डुलकी अभ्यासातच धर

वाचकाचं पत्र

बाई, नमस्कार. मी म्हसरूळला राहते, वय २७. लग्नाला तीन वर्षं झाली. घरी सासू-सासरे आहेत. मिस्टर अंबडला कंपनीत फर्स्ट शिफ्टला जातात, म्हणून पाचला उठून डबा करावा लागतो. माझी राज्यसेवेची तयारी चालू आहे. घरचं आवरून सिटीलिंकच्या बसनं अकराला कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत पोहोचते आणि साडेपाचला निघते. पहिले दोन तास झकास जातात. डबा खाल्ला की दोनच्या सुमाराला डोळ्यांवर झापड येते. परवा पंचायत राजचं एकच पान चार वेळा वाचलं, तरी राज्यघटनेतल्या २४३ डी आणि २४३ ई या कलमांची अदलाबदल झालीच. एकदा टेबलावर डोकं टेकलं तर अर्ध्या तासानं जाग आली. गालावर वहीच्या स्पायरलचे वळ उठले होते. समोरची मुलगी हसली आणि मला रडू आलं. भिंतीवर पाटीच आहे, 'येथे झोपू नये'. घरी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, "दिवसा झोपणं घराला चांगलं नाही. झोपला तो संपला." आता दोनला चहा घेते, चारला घेते, घरी आल्यावर सातला पुन्हा घेते. रात्री मात्र बारापर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. ही दुपारची झोप मोडायची कशी? की मी मुळातच आळशी आहे? – म., नाशिक

उत्तर

म.,

तुला अगं-तुगं करते, माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींपेक्षाही तू लहान आहेस. पत्र वाचताना त्या स्पायरलच्या वळांपाशी मी थांबले. पहाटे पाचपासून उभी असलेली बाई दुपारी दोनला पेंगली तर त्यात रडण्यासारखं काही नाही. तू आळशी नाहीस. आणि ही झोप मोडायचीही नाही. ती मोडायच्या हट्टापायी दुपारचे तीन तास वाया जातात आणि रात्रीची झोपही जाते. तिला अभ्यासाच्या वेळापत्रकात हक्काची जागा दे, एवढंच मला सांगायचं आहे. कशी द्यायची ते नीट सांगते.

आधी माझी एक चूक कबूल करते. मी ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. मधल्या सुट्टीनंतरचा तास नेहमी माझ्या वाट्याला यायचा. मखमलाबादकडून सायकलवर येणारा एक मुलगा रोज त्याच तासाला पेंगायचा. मी त्याला बाकावर उभं केलं, आणि ते एकदा नाही, कितीतरी वेळा. पुढे त्याची आई भेटली तेव्हा कळलं, पोरगा पहाटे चारला उठून म्हशींच्या धारा काढायचा, घरोघरी दूध घालायचा आणि मग शाळेत यायचा. त्याला पंधरा मिनिटं बाकावर डोकं टेकू दिलं असतं, तर पुढचा अर्धा तास तरी त्याच्या पदरात पडला असता. उभा राहून त्याला झोपही मिळाली नाही आणि इतिहासही नाही. ते मला अजून टोचतं, म्हणून तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं तर पूर्ण अभ्यास करूनच द्यायचं असं ठरवलं.

दोन वाजता नेमकं काय होतं? आपल्याकडे सगळा दोष भाताला देतात. पोट तडस लागेपर्यंत जेवलं तर सुस्ती वाढते हे खरं, पण जेवण टाळणाऱ्यांनाही दुपारी ही पेंग येते. शरीराच्या घड्याळातच एक ते चारच्या दरम्यान एक उतार आहे. त्यात दुसरी गोष्ट मिळते. आपण जागे झालो त्या क्षणापासून मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, आणि जितकं साठेल तितकी झोपेची ओढ वाढते. तू पाचला उठतेस, म्हणजे दोन वाजेपर्यंत तुझे नऊ तास भरलेले असतात. वर रात्रीची झोप जेमतेम पाच तास. घड्याळाचा उतार, साठलेलं ओझं आणि अपुरी रात्र, तिन्ही एकाच वेळी तुझ्या पापण्यांवर येऊन बसतात. इथे 'मनाचा निग्रह' वगैरे उपदेश कुणी केला तर तो कानाआड कर.

आता अभ्यासाचं. सकाळी वाचलेलं आधी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात तात्पुरतं ठेवलं जातं. कायमच्या जागी ते पुढे हळूहळू जातं, आणि त्या हलवाहलवीचं बरंचसं काम झोपेत होतं. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात २०११ साली मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही तरुणांना दुपारी बाराला अनोळखी चेहरे आणि त्यांची नावं पाठ करायला दिली. दोनला त्यातल्या काहींना दीडेक तास झोपू दिलं, बाकीचे जागे राहिले. संध्याकाळी सहाला पुन्हा नवे चेहरे, नवी नावं. जागे राहिलेल्यांची नवीन शिकायची ताकद दुपारपेक्षा घसरली होती. झोपलेल्यांची घसरली नाही, उलट थोडी वाढली. हलक्या झोपेत मेंदूत विजेच्या बारीक लहरी उठतात. त्या ज्यांच्यात जास्त दिसल्या त्यांना फायदा जास्त झाला. म्हणजे झोपेनं नुसता थकवा जात नाही, नवीन काही ठेवायला जागाही होते. तू चार वेळा वाचलेलं ते पान आत जात नव्हतं, कारण आत जागाच उरली नव्हती.

तुझ्यासारखीला जास्त उपयोगी पडेल असा दुसरा प्रयोग सिंगापूरचा आहे. तिथल्या ड्यूक-एनयूएस या वैद्यकीय विद्यालयाच्या संशोधकांनी तो २०१९ मध्ये मांडला. विद्यार्थ्यांना मुंग्या आणि खेकड्यांच्या जातींची माहिती शिकवली. कुठली जात कुठे राहते, काय खाते, असली रटाळ माहिती, अगदी आपल्या सामान्य ज्ञानासारखी. मध्ये एक तास मोकळा दिला. त्या तासात एक गट झोपला, एका गटानं नुसती विश्रांती घेतली आणि तिसऱ्यानं तीच माहिती पुन्हा घोकली. लगेच घेतलेल्या परीक्षेत झोपलेले आणि घोकणारे दोघंही विश्रांतीवाल्यांच्या पुढे होते. आठवड्यानं पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा घोकणाऱ्यांची आघाडी विरून गेली होती, झोपलेल्यांची टिकून होती. समोरच्या टेबलावरची मुलगी दोन ते तीन घोकत असते आणि आपण झोपतो, म्हणून आपण मागे पडलो, हे मनातून काढून टाक.

किती झोपायचं, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि इथेच तुझं बिनसलं. तू अर्धा तास झोपलीस आणि उठल्यावर डोकं जड, तोंड कडू, काही सुचेना, असं झालं असणार. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात ब्रूक्स आणि लॅक या दोघांनी २००६ मध्ये हेच मोजलं. तरुणांना आदल्या रात्री साधारण पाचच तास झोपू दिलं, म्हणजे बरोबर तुझ्याइतकं. मग दुपारी पाच, दहा, वीस आणि तीस मिनिटांच्या डुलक्या देऊन पाहिल्या. पाच मिनिटांनी फारसं काही साधलं नाही. दहा मिनिटांनी उठल्याबरोबर तरतरी आली आणि काही बाबतींत ती अडीच तास टिकली. वीस मिनिटांचा फायदा दिसायला अर्धा-पाऊण तास लागला. तीस मिनिटांवाले उठले तेव्हा आधी काही वेळ मंद होते, फायदा मागून आला. कारण साधं आहे. वीस-पंचवीस मिनिटांनंतर झोप गाढ व्हायला लागते, आणि गाढ झोपेतून ओढून काढलेला माणूस भांबावलेला असतो.

म्हणून सोमवार ते शनिवार अभ्यासिकेत दहा ते पंधरा मिनिटं खरी झोप, डोळा लागायला पाच मिनिटं धरून वीस मिनिटांचा गजर, त्यापुढे नाही. रविवारी घरी असशील आणि सकाळी भरपूर नवीन वाचलं असेल तर दीड तास झोप. तेवढ्यात झोपेचं एक चक्र साधारण पूर्ण होतं आणि उठताना तितकं जड वाटत नाही. पाऊण तासाची मधलीच झोप टाळ, ती ना इकडची ना तिकडची.

आता अभ्यासिकेत हे करायचं कसं. डबा एकला उघड. भाकरी-भाजी पोटभर खा, भात थोडा आणि संध्याकाळसाठी ठेवलेला फरसाण-चिवडा आत्ता नको. जेवल्यावर दहा मिनिटं खाली रस्त्यावर चक्कर मार. दीडला परत ये आणि त्या दिवसाचं सगळ्यात अवघड पान वाच. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिही: २४३ डी म्हणजे जागांचं आरक्षण, २४३ ई म्हणजे पंचायतीची मुदत, २४३ के म्हणजे निवडणुका. चुकलं तर चुकू दे. कागद उलटा ठेव. मग चष्मा असेल तर काढ, वही बाजूला कर, आणि ओढणीची चौपदरी घडी टेबलावर ठेवून तिच्यावर दोन्ही हात दुमडून कपाळ टेक. गाल नको, मान आखडते. मोबाइल व्हायब्रेशनवर मुठीत धर, म्हणजे गजर तुलाच कळेल, शेजारणीला नाही. पहिले चार-पाच दिवस झोप लागणारच नाही, नुसती मिटल्या डोळ्यांनी पडशील. चालेल. शरीराला वेळ कळायला लागली की आपोआप डोळा लागतो. उठल्यावर तोंडावर गार पाणी मार, गॅलरीत उजेडात दोन मिनिटं उभी राहा आणि लगेच नवा धडा उघडू नकोस. तो उलटा ठेवलेला कागद बाजूला ठेवून दुसऱ्या कागदावर तेच पुन्हा लिही. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघ. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवायची गरज उरणार नाही, पंधरा दिवसांत तुझे कागदच सांगतील.

तीनच्या आत हे उरकलं पाहिजे. चारला झोपलीस तर ती झोप रात्रीच्या झोपेतूनच वजा होणार.

पाटीचं काय? अभ्यासिका चालवणाऱ्यांशी बोल. त्यांची अडचणही समजून घे, लोक घोरतात, जागा अडवून बसतात, पालक येऊन बघतात. तुम्ही पाच-सहा मुली मिळून जा आणि दीड ते अडीच एक कोपरा किंवा आतली खोली, दोन चटया आणि वीस मिनिटांची मर्यादा मागा. त्यांना वैमानिकांचं उदाहरण सांग. अमेरिकेच्या नासानं लांब पल्ल्याच्या विमानांवरच्या वैमानिकांना, दुसरा वैमानिक काम सांभाळत असताना, आळीपाळीनं ४० मिनिटं विश्रांती देऊन पाहिलं. ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि उरलेल्या प्रवासात जास्त सावध राहिले. शेकडो प्रवाशांचा जीव हातात असलेल्या माणसाला जे चालतं, ते राज्यघटना वाचणाऱ्या मुलीला का चालू नये?

सासूबाईंबद्दल थोडं सावकाश बोलते. त्या खोटं बोलत नाहीत. 'दिवसा झोपू नये' हे आपल्या आयुर्वेदातलंच आहे. पण चरकसंहितेच्या सूत्रस्थानात जिथे हा नियम आहे, तिथेच त्याचे अपवादही दिले आहेत. उन्हाळ्यात रात्र लहान असते, म्हणून दिवसा झोपायला परवानगी आहे. लहान मुलं, म्हातारी माणसं, ओझी वाहून, वाट चालून थकलेले यांना बाराही महिने आहे. आणि त्याच यादीत अध्ययनानं थकलेले आहेत. होय, अभ्यासानं दमलेल्यांना चरकाचीच मुभा आहे. आपल्या भाषेत 'वामकुक्षी' असा शब्द उगाच नाही आला: वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस, जेवल्यावर थोडा वेळ डाव्या कुशीवर पडणं. निफाड-दिंडोरीकडे एप्रिलात द्राक्षांच्या खरड छाटणीच्या दिवसांत जाऊन बघ. उजाडताच बागेत शिरलेली माणसं दुपारी भाकरी खाऊन झाडाखाली टॉवेल तोंडावर घेऊन पडतात आणि ऊन कललं की परत कामाला लागतात. त्यांना कुणी आळशी म्हणत नाही. कात्रीचं काम दिसतं, डोक्याचं दिसत नाही, एवढाच फरक.

आणि मला एक सांग, तुझ्या सासूबाई दुपारी कधी पडतात का? माझ्या पिढीतल्या कितीतरी बायकांना भर दुपारी पाठ टेकायची सोयच नव्हती. कुणी आलं आणि सुनेला झोपलेली पाहिलं तर काय म्हणेल, ही धास्ती. जे स्वतःला कधी मिळालं नाही ते दुसरीनं सहज घेतलेलं सहन व्हायला वेळ लागतो. त्यांच्याशी वाद घालू नकोस. रविवारी दुपारी पंखा लाव, दोन चटया टाक आणि म्हण, "आई, तुम्हीपण जरा पडा." मला वाटतं त्या पडतील.

चेन्नईचा एक अभ्यास इथे सांगायलाच हवा, कारण तो आपल्यासारख्या घरांतल्या माणसांवर झाला आहे. २०२१ मध्ये तो अर्थशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संगणकावर माहिती भरणाऱ्या ४५२ जणांना तपासलं. ही माणसं रात्री आठ तास अंथरुणात असायची, पण झोप व्हायची साडेपाच तासच. उकाडा, डास, आवाज. त्यांची रात्रीची झोप अर्ध्या तासाच्या आसपास वाढवून पाहिली, कामात फरक दिसला नाही. त्याउलट ऑफिसात शांत जागी दुपारी अर्धा तास पडू दिलं तर कामाचा वेग, लक्ष आणि मनःस्थिती तिन्ही सुधारली. यात एक प्रामाणिक नोंदही आहे. तो अर्धा तास जे कामच करत राहिले त्यांची एकूण कमाई थोडी जास्त झाली, कारण त्यांना वेळ जास्त मिळाला. टायपिंगमध्ये वेळ म्हणजे पैसे, हे कबूल. तुझं काम मात्र पानं उलटण्याचं नाही, ती डोक्यात राहण्याचं आहे. तुझा हिशेब वेगळा.

पण या अभ्यासाचा अर्थ 'रात्र गेली तरी चालेल' असा काढशील तर मी रागवेन. मोठ्या माणसाला रात्रीची किमान सात तास झोप लागते. तुझी पाच होते. डुलकी त्यावर फुंकर घालते, खड्डा भरत नाही. तुझी रात्र बिघडवतो आहे तो सातचा चहा. चहातलं कॅफीन शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे बाराला तू कूस बदलत असतेस तेव्हा अर्धा चहा अजून जागा असतो. चार आणि सातचा बंद कर. दोनचा ठेव, आणि तो पिऊन लगेच डोकं टेक. कॅफीनला काम सुरू करायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर तू उठलेली असतेस आणि दोन्ही फायदे एकदम मिळतात. ब्रिटनमध्ये लफबरो विद्यापीठात पेंगुळलेल्या वाहनचालकांवर हा प्रयोग कॉफी देऊन केला होता आणि तो यशस्वी झाला.

त्या सात तासांसाठी दहाच्या आत अंथरुणात जायचं असेल तर घरात काम वाटून घ्यावंच लागेल. कणीक, भाजी रात्रीच तयार ठेवायची, आणि तीही तू एकटीनं नाही. तुझे मिस्टर सकाळी स्वतःचा डबा भरू शकतात, आठवड्यातून दोन दिवस भाजीही फोडणीला टाकू शकतात. हे मागताना अवघडू नकोस. परीक्षा तुझी असली तरी घर दोघांचं आहे.

एक तपासणीही करून घे. महिनाभर सात तास झोपूनही दुपारी असंच वाटत राहिलं तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर बघ. आपल्याकडे बायका रक्त कमी असताना वर्षानुवर्षं 'मीच आळशी' म्हणत राहतात. जोराचं घोरणं किंवा झोपेत श्वास अडकल्यासारखं होणं असेल तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांग.

आणखी एका कारणासाठी ही सवय आत्ताच लाव. पूर्वपरीक्षेत पहिला पेपर सकाळी असतो आणि सीसॅट, म्हणजे आकलन-गणिताचा दुसरा पेपर, दुपारी. मोठमोठे उतारे आणि गणितं, आणि नेमकं शरीराच्या घड्याळातल्या त्याच उताराच्या वेळी. मधल्या वेळात बहुतेक मुलं फाटकाबाहेर सकाळच्या प्रश्नांची उत्तरं जुळवत उभी असतात आणि चुकलेल्या प्रश्नांनी हबकून आत जातात. तू त्यांच्यात थांबू नकोस. पिशवीत एक जुनी चादर आणि पाण्याची बाटली ठेव, झाडाची किंवा जिन्याखालची सावली बघ, हलकं खा, वीस मिनिटांचा गजर लाव आणि पड. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करायला जाशील तर जमणार नाही. येत्या रविवारच्या टेस्ट सिरीजपासूनच सुरुवात कर, दोन पेपरांच्या मध्ये. आणि ते दोन कागद, डुलकीच्या आधीचा आणि नंतरचा, महिनाभरानं मला पाठव. मला ते खरंच बघायचे आहेत.

तुझी,
बाई